यजमान शहरात होते

अर्जदार : नव्याने झालेल्या लातूर जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेचे उपाध्यक्ष. धंदा सायकल दुकान.

गैरअर्जदार : त्याच संघटनेचे अध्यक्ष. नोकरी खाजगी शाळेत पी. टी. मास्तर.

विषय : गैरअर्जदार हे जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या यजमान शहरास गेलेले नसताना गेल्याचे भासवून त्यांनी संपूर्ण जिल्ह्याची फसवणूक केली, सबब कारवाई होणेबाबत.

साक्षीदार : मास्तरांचे धर्माबादचे मावसभाऊ. पंच म्हणून एक पानपट्टीवाले. आणि सर्वात शेवटी, परंतु सर्वात महत्त्वाच्या, मास्तरांच्या पत्नी.

नावे व तारखा मला तोंडपाठ आहेत. तथापि संबंधितांपैकी काहींची नातवंडे आता नोकरीला लागलेली असल्याने त्या येथे देत नाही. मी पोलीस खात्यातून जमादार म्हणून मुदतीआधी स्वेच्छेने निवृत्त झालो आणि तेव्हापासून तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु माझ्या हातचा जबाब कोर्टात कधी उलटला नाही, हे त्या वेळचे कोणतेही फौजदार सांगतील. खून, दरोडे मी पुष्कळ पाहिले. ते विसरलो. हे एक प्रकरण मात्र आजतागायत माझ्या डोक्यातून निकाली निघालेले नाही.

प्रथम परिस्थिती नमूद करतो. जिल्हा नवा होता आणि पावसाने लागोपाठ दगा दिला होता. शहरात टँकर आला की भांडण, नाही आला की मोठे भांडण, आणि दोन्हींची नोंद आमच्या ठाण्याच्या डायरीत. ठाण्यातल्या रांजणाला कुलूप लावून किल्ली ठाणे अंमलदाराकडे ठेवावी लागे. अशाही स्थितीत लोकांना नव्या जिल्ह्याचा मोठा उत्साह होता. इतकी वर्षे प्रत्येक गोष्टीला उस्मानाबादेस जावे लागले, आता प्रत्येक गोष्ट आपली जिल्हास्तरावरची पाहिजे, असे सर्वांचे मत. जिल्हा कुस्ती संघ निघाला, कबड्डी निघाली, खो-खो निघाला. या सगळ्यांची अध्यक्षपदे वजनदार मंडळींनी आधीच उचलली. उरला फुटबॉल. तो कोणी खेळत नव्हते, म्हणून तो पी. टी. मास्तरांच्या वाट्याला आला.

मास्तर स्वभावाने गरीब. शाळेच्या मैदानाच्या अर्ध्या भागात दुष्काळामुळे जनावरांची छावणी लागलेली. उरलेल्या अर्ध्यात ते पोरांना एका फाटक्या चेंडूवर फुटबॉल शिकवीत. चेंडू छावणीत गेला की देवणी जातीचे बैल तो हुंगून बघत आणि मास्तर हात जोडून परत आणीत.

त्या उन्हाळ्यात मेक्सिको देशात जागतिक स्पर्धा होती. वर्तमानपत्रात एक मथळा आला, ‘यजमान शहराला भेट देण्यासाठी जगभरातून पाहुणे’. मास्तरांनी तो हॉटेलात मोठ्याने वाचला आणि सहज म्हणाले की आपल्याही जिल्ह्यातून कोणी जायला पाहिजे. एवढाच त्यांचा गुन्हा. हॉटेलातली मंडळी उठली ती वर्गणीपुस्तक छापूनच बसली. ‘चला यजमान शहराला’ असा फलक चौकात लागला. मी गस्तीवर असताना चौकशी केली तेव्हा निम्म्या लोकांना यजमान हे त्या शहराचे नावच वाटत होते. एक आडते मला म्हणाले, “यजमान म्हणजे दुबईच्या पलीकडं. आमच्या साडूचा पोरगा तिकडंच हाय.”

उपाध्यक्षांनाही जायचे होते. त्यांचे म्हणणे, फुटबॉलला हवा मीच भरतो, तर मान माझा. पण सभेने मास्तरांना निवडले आणि उपाध्यक्षांच्या मनात जी हवा भरली गेली ती पुढे अर्जरूपाने आमच्या ठाण्यात बाहेर आली.

मास्तरांकडे पासपोर्ट नव्हता. अर्ज केला होता, उत्तर नव्हते. ते त्यांनी दोन-तीन जणांना सांगून पाहिले. प्रत्येकाने सांगितले की मुंबईत गेल्यावर हातात मिळतो. लातूरला तेव्हा छोटी रेल्वे. जिल्ह्याचा प्रतिनिधी छोट्या गाडीतून परदेशी पाठवणे शोभणार नाही, असा ठराव झाला आणि टेम्पो भरून माणसे व बँड घेऊन मास्तरांना नांदेडला नेले. तेथे फलाटावर हार, पेढे, भाषणे झाली. गाडीने शिटी दिली आणि मास्तर गेले.

स्पर्धा संपल्यावर ते परत आले. येताना पोतेभर नवे फुटबॉल, दोन जाळ्या आणि शिट्ट्या घेऊन आले आणि सगळे साहित्य शाळेला दिले. मिरवणूक निघाली. पाय धुवायला पाणी नव्हते म्हणून ओवाळून भागवले. मग शाळाशाळांतून त्यांची व्याख्याने सुरू झाली. ‘यजमान शहरातील माझे दिवस’. कोणत्या सामन्यात कोणी कसा गोल केला, हे ते हातवारे करून असे सांगत की शेवटच्या रांगेतली पोरे उठून उभी राहत.

आणि अशा वेळी उपाध्यक्षांचा अर्ज आला. त्यांना एका ट्रकवाल्याकडून खबर लागली होती की मास्तर त्या काळात धर्माबादेत मिरचीच्या ढिगाजवळ बसलेले दिसले.

आमचे फौजदारसाहेब नवीन, पुण्याकडचे. त्यांनी अर्ज वाचला, कपाळाला हात लावला आणि चौकशी माझ्याकडे दिली. अर्ज हातात पडताच शाळेच्या संस्थेचे सचिवही आले. त्यांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितले की मास्तरांची नोकरी अजून कायम झालेली नाही, कायम करण्याचा ठराव पुढच्या सभेत आहे. पोलीस अहवालात ‘हा इसम तेथे गेला नव्हता’ असे आले तर ठरावाऐवजी त्यांना घरी बसवण्याचे पत्र निघेल. संस्थेची अब्रू असते.

म्हणजे अर्ज उपाध्यक्षांचा होता, अब्रू संस्थेची होती आणि भाकरी मास्तरांची होती. हे ध्यानात ठेवून मी कामाला लागलो.

चौकशीचा माझा नियम असा की माणसाला बोलावण्याआधी त्याला बोलताना ऐकावे. म्हणून मी साध्या कपड्यांत एका शाळेतल्या व्याख्यानाला जाऊन मागे बसलो. मास्तर यजमान शहराचे वर्णन करत होते. रस्ते, दिवे, भव्य मैदान. लोक माना डोलवत होते. तेवढ्यात एक म्हातारेबुवा उठले.

“मास्तर, ते समदं ऱ्हाऊ द्या. तिथं नळाला पाणी रोज येतंय का?”

सभा एकदम शांत झाली. त्या साली त्याहून मोठा प्रश्न कोणाच्याही मनात नव्हता. मास्तर म्हणाले, येते, रोज येते. मग दुसऱ्या एकाने विचारले की पाण्याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात. 

“नीळ्ळू,” मास्तर म्हणाले. “आणि पिण्याचं चांगलं पाणी म्हणजे मंची नीळ्ळू.”

टाळ्या झाल्या. पोरांनी तो शब्द पाठ केला. हेडमास्तरांनी तो फळ्यावर लिहून घेतला.

मी टाळी वाजवली नाही. आमच्या भागात कानडी कानावर पडते. तेलुगू तशी पडत नाही, त्यामुळे सभेला काही समजले नाही. परंतु माझी सुरुवातीची नेमणूक धर्माबादेस झाली होती. तेथल्या मोंढ्यात निम्मा सौदा तेलुगूत चालतो. मेक्सिकोमध्ये काय बोलतात हे मला ठाऊक नव्हते, पण नीळ्ळू कोठे बोलतात हे पक्के ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना ठाण्यात बोलावले. ते बाहेरच्या बाकावर रुमाल चाळवत बसले होते. मी त्यांच्याकडे न बघता कागद चाळत आतून तेलुगूत हाक मारली, “मास्तर, इक्कडा रा.”

“वस्तुन्ना,” म्हणजे आलो, असे त्याच भाषेत म्हणून ते उठून आत आले. दारात आल्यावर त्यांच्या लक्षात आले. तिथेच उभे राहिले.

मी त्यांना खुर्ची दिली. रांजणाची किल्ली मागवून पाणी दिले. ज्याला खरे बोलायचे आहे त्याच्या घशाला आधी कोरड पडते, त्यासाठी पाणी हवे. चोर पाणी मागत नाही, वेळ मागतो. मास्तर पाणी प्यायले आणि त्यांनी सगळे सांगितले.

नांदेडच्या फलाटावर दोन गाड्या लागल्या होत्या. एक मनमाडकडे जाणारी, एक सिकंदराबादकडे. बँड, गर्दी आणि हारांमुळे मास्तरांना स्वतःचे पायसुद्धा दिसत नव्हते. मंडळींनी प्रेमाने उचलून त्यांना डब्यात बसवले, ते नेमके उलट्या गाडीत. मुदखेड आले तेव्हा त्यांना समजले.

“मुदखेडला उतरून परत कामून नाही आलात?” मी विचारले.

“जमादारसाहेब, गळ्यात सात-आठ हार होते. फलाटावर लोक अजून पेढे खाऊन राहिले असतील. त्यांच्यापुढं कसा उतरू मी?”

मी बरीच वर्षे कैद्यांचे कबुलीजबाब ऐकले आहेत. हा मला पटला.

पासपोर्टाविना मुंबईला जाऊन उपयोग नाही, हे त्यांना आतून माहीत होते. म्हणून ते धर्माबादला मावसभावाकडे उतरले. मावसभाऊ मिरचीच्या आडतीवर कामाला. स्पर्धा संपेपर्यंत मास्तर तिथेच राहिले. रेडिओवर सामन्यांचे वर्णन लागले की ढिगांमध्ये बसून ऐकत आणि खड्यांनी जमिनीवर मांडून बघत. वर्गणीचे त्यांनी एकच केले. मावसभावाला बरोबर घेऊन हैदराबादला गेले आणि सगळ्याचे फुटबॉल व जाळ्या घेतल्या.

“परदेशात जाऊन मी काय आणलं असतं?” ते म्हणाले. “फोटोच. फोटोवर पोरं खेळतात का?”

मी स्वतः धर्माबादला जाऊन खात्री केली. मावसभाऊ भला माणूस. त्याने मला आडतीवर बसवले आणि मी अर्धा वेळ शिंकण्यात घालवला. मास्तरांना तेथे हमाल लोक कोच म्हणत होते. एका हमालाने मला सांगितले की कोचने आम्हाला पोत्याला लाथ मारायला शिकवले, म्हणून आमच्या मालकाने त्यांना दुसऱ्या आडतीवर बसायला लावले.

परत येऊन शाळेत साहित्याचा पंचनामा केला. पंच म्हणून पानपट्टीवाले होते. एका फुटबॉलवर जालंधर असा शिक्का निघाला. पंचांनी तो चष्म्याजवळ धरून वाचला.

“जमादारसाहेब, जालंधर हे त्या यजमानचाच एखादा तालुका असंल का?”

मी म्हणालो, पंचाने दिसेल ते सांगावे, भूगोल विचारू नये.

आता माझ्यापुढे अडचण होती. पैशाचा अपहार झालेला नव्हता, हे पंचनाम्याने आणि मावसभावाला खरेदीपुरतेच विचारून घेतलेल्या जबाबाने शाबीत झाले. मास्तरांचाही जबाब घेतला : मी नांदेडहून गाडीत बसलो, जाऊन परत आलो, वर्गणीतून आणलेले साहित्य शाळेस दिले. एकही शब्द खोटा नाही. परंतु फौजदारसाहेबांनी फाईल परत पाठवली. मास्तर यजमान शहरात होते की नव्हते, हा अर्जातला मूळ प्रश्न आहे, त्यावर निदान एका साक्षीदाराचे स्पष्ट वाक्य पाहिजे, असा शेरा होता. निरोप द्यायला फलाटावर कोण होते, त्यांचा जबाब घ्या.

उपाध्यक्ष त्या दिवशी ठाण्यातच बसलेले. ते म्हणाले, “त्यांच्या मंडळीला इचारा. बायकोपासून काय लपतंय?”

ही गोष्ट मला मुळीच नको होती. मास्तरांनी मला एकच विनंती केली होती की साहेब, नोकरी गेली तर जाऊ द्या, पण ती साऱ्या माहेरी सांगून बसली आहे, तिला कळू देऊ नका.

बाई आल्या. हातमागाचे लुगडे, डोक्यावर पदर, सोबत कोणी नाही. बाकावर नीट बसल्या. उपाध्यक्षांना मी नियमाप्रमाणे बाहेर उभे केले, पण खिडकी उघडी होती आणि त्यांचा कान खिडकीत होता.

मी विचारले की मास्तर परत आल्यावर काही वेगळे जाणवले का. 

“कपडे धुवाया काढले तर शिंका यायला लागल्या. म्हणलं, तिकडं बी मिरची पिकत आसंल.”

एवढे बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला समजले. त्यांनाही समजले की मला समजले. मी लेखणी खाली ठेवली.

“जमादारसाहेब,” त्या हळू म्हणाल्या, “हार घालायला मी बी होते. सगळ्यात आधी मीच घातला. गाडी हालली तवा मीच म्हणलं, मागं बगू नका. त्या माणसानं ऐकलं माझं.” मग पदर सावरला. “ल्ह्या तुम्ही. काय इचारायचं ते इचारा.”

मी लेखणी उचलली आणि अर्जातला प्रश्न विचारला. स्पर्धेच्या काळात मास्तर कोठे होते?

“शहरात होते.”

“कोण शहरात होते?”

बाई गप्प. आमच्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत, आणि त्या काळी तर ठाण्यातसुद्धा घेत नसत. अशा वेळी जबाब लिहिणाराने नवऱ्याच्या नावाच्या जागी काय लिहावे, याचा खात्यात एक रिवाज होता आणि तो मला माझ्या पहिल्या हवालदाराने शिकवला होता.

“यजमान?” मी विचारले.

“हाव.”

मी लिहिले : सदर काळात यजमान शहरात होते.

मग रीतीप्रमाणे पुढे लिहिले, माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. मोठ्याने वाचून दाखवला. बाईंनी सही केली. अक्षर चांगले होते, माझ्यापेक्षा. जाताना खिडकीशी थांबून उपाध्यक्षांना म्हणाल्या, “भाऊजी, पुढच्या बारीला तुम्ही जावा. मी हार घालीन.”

फौजदारसाहेबांनी जबाब वाचला. एकदा वाचला, परत वाचला. “यजमान शहरात होते,” असे स्वतःशी म्हणाले. “म्हणजे गेले होते म्हणायचं.”

“जबाबात जे आहे ते असे आहे, साहेब,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. पुण्याकडच्या माणसाला मराठी येत नाही, असे मी म्हणणार नाही. मग टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “जमादार, तुमची भाषा फार स्वच्छ आहे.” आणि फाईलवर शेरा मारला : गुन्ह्याचा प्रकार दिसून येत नाही, अर्ज दप्तरी दाखल करावा.

संस्थेच्या सभेत ठराव झाला आणि मास्तर कायम झाले. व्याख्याने त्यांनी आपणहून बंद केली. अध्यक्षपदही सोडले. ते उपाध्यक्षांना मिळाले. पुढे शाळेचा संघ विभागीय सामन्यांना गेला आणि सपाटून हरला. पण सगळी पोरे बुटांनिशी आणि खऱ्या चेंडूवर हरली. नव्या अध्यक्षांनी त्यांना स्टेशनवर हार घातले. गाडी कोणती आहे हे मात्र त्यांनी आधी गार्डाला जाऊन विचारले, असे मी ऐकले आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवले, ते सांगणे माझे कर्तव्य आहे. पोलिसाला वाटते की लोक फायद्यासाठी खोटे बोलतात. काही बोलतातही. परंतु पुष्कळजण दुसऱ्यांनी प्रेमाने गळ्यात घातलेले काढता येत नाही म्हणून बोलतात, आणि त्यांना पकडणाऱ्याने निदान हार कोणी घातले होते ते पाहावे. दुसरे असे की बायकोपासून काही लपत नाही, हे उपाध्यक्षांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. फक्त त्यातून काय निघेल, याचा त्यांचा अंदाज चुकला. आणि तिसरे, जबाब घेताना माणूस बोलेल तेवढेच लिहावे. जास्त लिहिले की खोटे होते. कमीही लिहू नये.

तथापि विषय येथे संपत नाही. माजी उपाध्यक्ष आज वयोवृद्ध असून माझ्या टेबलाजवळून जाताना दर वेळी म्हणतात की तो जबाब तुम्ही वाकवून लिहिला. नुकतेच त्यांनी माझ्याकडूनच, रीतसर लिहिणावळ देऊन, माझ्याविरुद्ध एक अर्ज लिहून घेतला. तो मी कोणताही शब्द न वगळता लिहून दिला, कारण धंदा हा धंदा आहे. त्या अर्जात त्यांचा मुद्दा असा की शहर कोणते ते जबाबात नमूद नाही आणि धर्माबाद हे शहर नव्हेच. माझे उत्तर असे की तेथे नगरपालिका आहे, सबब ते शहर आहे. आणि बाईंना शहराचे नाव कोणी विचारलेच नव्हते.

करिता समस्त सुज्ञ वाचकांस नम्र विनंती की, ‘सदर काळात यजमान शहरात होते’ या वाक्यातील नेमका कोणता शब्द असत्य आहे, तो दाखवून द्यावा व तसे लेखी कळवावे. उत्तर न आल्यास वाक्य बरोबर आहे असे समजण्यात येईल, एक नक्कल माजी उपाध्यक्षांस देण्यात येईल, आणि दुसरी नक्कल ज्या बाईंनी ते सांगितले त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन, पूर्वीप्रमाणेच वाचून दाखवीन.

कळावे,

आपला विश्वासू,
निवृत्त जमादार, हल्ली अर्जलेखक
तहसील कचेरीसमोर